यादीतला एकेचाळिसावा मुद्दा

दुसऱ्या अंकाच्या मध्यावर चार माणसं शिडी घेऊन स्टेजवर आली आणि आमच्या दिवाणखान्याला झेंडूच्या माळा बांधायला लागली. नाटकात तो दिवाणखाना एका विधुर प्राध्यापकाचा होता. प्राध्यापक सोफ्यावर बसून आपण आयुष्यात कसे एकटे पडलो ते सांगत होते, आणि त्यांच्या डोक्यावर एक माणूस दुसऱ्याला कन्नडमध्ये विचारत होता की पिवळी माळ आधी की केशरी.

हॉल राजाजीनगरातला. लग्नाचा. आमच्या मराठी मंडळाला तो रात्री आठपर्यंत दिलेला होता आणि घड्याळात साडेसहाही वाजले नव्हते. मी विंगेत प्रॉम्प्टिंग करत होते. संहिता खुर्चीवर टाकून मी तडक मॅनेजरकडे गेले.

"मॅडम, लग्न म्हणजे लग्न," तो म्हणाला. "नाटक काय, उद्याही करता येतं."

"उद्या तुमच्याकडे लग्न आहे."

"मग परवा करा."

मी परत येईपर्यंत स्टेजवरचा प्रश्न काकूंनी मिटवला होता. काकू म्हणजे मंडळाच्या दिग्दर्शिका, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवऱ्याच्या नोकरीमुळे नागपूरहून इकडे आल्या त्याला एक जन्म झाला. त्या नाटकात प्राध्यापकाच्या बहिणीचं काम करत होत्या. त्या आत गेल्या आणि माळवाल्यांना म्हणाल्या, "अहो, जरा डावीकडे बांधा. उजवीकडे वहिनींचा फोटो आहे." त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला मिळाला. लोक अजून ते वाक्य सांगतात. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

मला असं हसण्यावारी नेणं जमत नाही. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. हॉस्टेलचं पाणी, बसचा पास, लायब्ररी रविवारी बंद का. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत: एक कागद, एक मागणी, ती कुणी पूर्ण करायची आणि कधीपर्यंत. नोकरीसाठी बेंगळुरूला आले तेव्हा वाटलं होतं, सुटले यातून. माझ्या ऑफिसात अँफीथिएटर नावाच्या पायऱ्या आहेत. तिथे कधीही कुणीही काहीही सादर केलेलं नाही. लोक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतात आणि कानात बोळे घालून कुणा तिसऱ्याच देशातल्या माणसाशी बोलतात. या शहरात नाटकाच्या नावाने पायऱ्या आहेत, पण नाटक करायला जागा मागितली की झेंडू येतो. दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवर बसून जेवणाच्या सुट्टीत मी पत्रक लिहून काढलं. मथळा: "आपलं नाटक, दुसऱ्याचं लग्न." मागणी: मंडळाची स्वतःची नाट्यशाळा.

येलहंक्याला एकींच्या घरी मंडळाचं हळदीकुंकू होतं, तिथे मी ते वाटलं. नव्याने आलेल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली "सो ट्रू" लिहिलं. जुन्या बायकांनी ते नीट घडी घालून चिवड्याच्या बशीखाली ठेवलं, कारण बशी ओली होती. मी घरी आले ती फणफणत.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला.

अण्णांना सगळेच अण्णा म्हणतात. त्यांचे आजोबा इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात झाली. मंडळात त्यांच्यासारखे आणखी तिघं आहेत, सगळे निवृत्त अभियंते, सगळ्यांच्या खिशाला पेन आणि सहा इंची पट्टी. मी त्यांना मनात चौकडी म्हणते. आता तोंडावरही म्हणते.

"पत्रक वाचलं," अण्णा म्हणाले. "मागणी कळली. ड्रॉइंग कुठंय?"

"कसलं ड्रॉइंग? पत्रक आहे ते, अण्णा."

"तेच म्हणतो मी. ड्रॉइंग नाही म्हणजे मागणी नाही. नुसती तक्रार."

मी फोन ठेवला आणि दोन दिवस त्यांच्यावर रागावून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन. शनिवारी सकाळी पीण्याला ये, म्हणाले, बंद बूट घालून ये.

पीण्यात म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत. मंडळातल्या एका जुन्या कुटुंबाची तिथे शेड होती. सुटे भाग बनायचे. मालक वारले, मुलं परदेशात, यंत्रं विकून झालेली. मालकीणबाईंनी चौकडीला सांगितलं होतं, "वापरा तुम्ही. एकच म्हणणं आहे माझं. बंद ठेवू नका. बंद शेड मला बघवत नाही." हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं. मान डोलावली. विसरून गेले. पुढे ते मला पुरतं आठवायचं होतं.

शेड पाहून मला रडू यायचं बाकी होतं. पत्र्याचं उंच छप्पर, छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी गंजकी क्रेन, जमिनीवर तेलाचे काळे डाग. शेजारी एक प्रेस शॉप, म्हणजे पत्रे दाबून भाग काढायचा कारखाना. तिथला ठोका दर काही क्षणांनी पायाखालून यायचा. मी म्हटलं, "अण्णा, हे नाट्यगृह नाही."

"नाही," अण्णा म्हणाले. "पण स्टेज आहे. ट्रकवाल्यांनी बांधून ठेवलंय."

शेडच्या मागच्या बाजूला माल चढवायचा ओटा होता, ट्रकच्या फळीइतका उंच, वीस-बावीस पावलं रुंद. त्याच्यामागे मोठं शटर. ट्रक पाठीमागून शटरला लागायचा आणि माल ओट्यावरून थेट ट्रकमध्ये. अण्णा त्या ओट्यावर चढून उभे राहिले आणि मी खालून बघितलं. खरं सांगते, तेवढ्यात माझा राग गेला. पांढऱ्या केसांचा, खिशाला पट्टी लावलेला एक माणूस ट्रकच्या उंचीवर उभा होता आणि मला तो नट दिसला.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिथे. सगळ्यांचे डबे, एक स्टोव्ह आणि यादी. यादीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती शेड यादीनेच बांधली. लांब वही, चार रकाने: मुद्दा, निरीक्षण, करायचं काम, जबाबदारी. काहीही दिसलं की चौकडी तो मुद्दा लिहायची. पत्र्याला भोक. दोन नंबरच्या खांबाला गंज. स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही (हा मी लिहायला लावला, पहिल्याच शनिवारी, आणि तो पहिला पूर्ण झाला). काम झालं की त्यावर बरोबरची खूण, तारीख, सही. सही झाल्याशिवाय मुद्दा बंद नाही. जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव इतक्यांदा यायला लागलं की मी तक्रार केली.

"तू तरुण आहेस," अण्णा म्हणाले, "आणि तुला राग येतो. राग येणारी माणसं कामं वेळेत करतात."

क्रेन काढायला चौघांनी साफ नकार दिला. तिला साफ केलं, तेल घातलं, आणि पुढचा पडदा तिच्यावर टांगला. आमचा पडदा आजही दोरीने सरकत नाही, क्रेनने सरकतो, आणि सरकताना वर लहानशी घंटा वाजते. पहिल्यांदा येणारे दचकतात.

अडलं आवाजावर. काकूंची एकच अट होती. शेवटच्या रांगेत, दाराशी, एक लोखंडी खुर्ची ठेवून त्या बसायच्या आणि म्हणायच्या, "मला माइक नको. मला कुजबुज ऐकू आली पाहिजे. नाटकात माणूस खरं बोलतो ते कुजबुजतच बोलतो." आयुष्यभर शाळांच्या आणि लग्नांच्या हॉलमध्ये त्यांनी नटांना ओरडायला शिकवलं होतं. आता त्यांना ते नको होतं.

चौकडीने चाचणी लावली. एकाने ओट्यावर उभं राहून काहीतरी वाचायचं, दुसऱ्याने शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकू आलेलं लिहायचं, मग दोन्ही कागद ताडून बघायचे. वाचायला काही हाताशी नव्हतं म्हणून माझं पत्रक घेतलं. शेवटच्या खुर्चीवर लिहिलेला कागद मी जपून ठेवलाय. मी लिहिलं होतं: "आपण किती दिवस दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं?" तिथे पोचलं होतं: "आ... ती... आ... रात... भं... चं." गोणपाट टांगलं, काथ्याच्या चटया लावल्या, बोलणाऱ्याला डावीकडे केलं, उजवीकडे केलं. फरक एवढाच पडला की "दिवस" कळायला लागलं.

आणि अशातच एका शनिवारी यादीत नवीन मुद्दा आला. निरीक्षण: "रविवारी दुपारी शेडमध्ये अनधिकृत प्रवेश. पेटीचा आवाज. पलीकडच्या कंपनीच्या वॉचमनने सांगितले." करायचं काम: "कुलूप बदलणे, सूचना लावणे." जबाबदारी: मी.

मला ते काम आवडलं. हे मी लपवणार नाही. आमची जागा, मोठ्या मुश्किलीने मिळालेली, आणि कुणीतरी घुसतंय. झेंडूवाल्यांचा राग अजून शिल्लक होताच. मी सूचना लिहिली, ऑफिसातल्या एकीकडून कन्नड करून घेतली, मोठ्या अक्षरात छापली. "ही जागा नाट्यगृहासाठी राखीव आहे. विनापरवाना आत शिरून गोंगाट करणाऱ्यांवर कारवाई केली जाईल." एक कागद, एक मागणी. शटरवर चिकटवली, जुनं कुलूप काढून नवीन लावलं, आणि यादीत सही करून मुद्दा बंद केला.

पुढच्या रविवारी काकूंना पडद्याचं माप घ्यायचं होतं म्हणून आम्ही दोघी गेलो. दुपारचे दोन. पीण्या रविवारी अगदी गप्प असतं, ठोके नाहीत, ट्रक नाहीत. शटरसमोरच्या अंगणात दहा-बारा माणसं रांगेत बसली होती. धुतलेले शर्ट, विंचरलेले केस. दोघांच्या हातात लाकडी गदा. एकाच्या मांडीवर पेटी, तिच्यावर टॉवेल टाकलेला. सगळे माझ्या कागदाकडे बघत बसले होते.

पेटीवाले उठले. पन्नाशी उलटलेले, बारीक, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. मी कन्नडमध्ये दोन वाक्यांपुढे जात नाही, पण काकू जातात. त्या बोलल्या आणि मला सांगत गेल्या.

ही माणसं शेजारच्या प्रेस शॉपमधली आणि आसपासच्या शेडमधली. कुणी ऑपरेटर, कुणी वेल्डर, कुणी फिटर. बहुतेक तुमकुरूकडच्या एकाच गावची. दर वर्षी गावच्या जत्रेत ते पौराणिक नाटक करतात, गदायुद्ध, गाणी, सगळं. तालीम इथे, दर रविवारी. पेटीवाले ते त्यांचे शिकवणारे, मास्तर. सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणतात. शेडचे मालक होते तेव्हापासून त्यांच्याकडे शटरची किल्ली होती. मालकांना कन्नड गाणी आवडायची, खुर्ची टाकून ऐकत बसायचे. मालक गेले, पण किल्ली परत कुणी मागितली नाही.

"आणि झाडून कोण काढायचं?" मला एकदम सुचलं. दर शनिवारी शेड लख्ख असायची. चौकडीतल्या प्रत्येकाला वाटायचं की उरलेल्या तिघांपैकी कुणीतरी झाडलीय. आम्ही एकमेकांना मनातल्या मनात शाबासकी देत होतो.

"आम्हीच," मेष्ट्रू म्हणाले. एवढं त्यांनी मराठीत म्हटलं. मालकांकडून शिकलेलं.

त्यांनी शटरवरचा कागद हलकेच सोडवला, फाटू न देता, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. काकूंनी त्यांचं वाक्य मला सांगितलं: "चांगलं लिहिलंय अक्कांनी. वाचल्या वाचल्या भीती वाटली."

इतकी वर्षं मी पत्रकं लिहितेय. एवढा नीट वाचणारा मला कधी मिळाला नव्हता.

मग त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली. जत्रेला सहा रविवार उरले होते. प्रेस शॉप शहराबाहेर हलणार असल्याचं ठरलं होतं. कोण तिकडे जाईल, कोण दुसरं काम धरेल, सांगता येत नव्हतं. सगळे एकत्र असलेलं हे शेवटचंच नाटक असेल कदाचित. सहा रविवार, दोन ते पाच. नंतर नाही मागणार.

माझ्याकडे नव्या कुलपाची किल्ली होती. मी तेव्हाच उघडून द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "समितीला विचारून सांगते." मॅनेजर असंच बोलतात.

त्याच संध्याकाळी मी मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांना कोण अडवतंय? मी तुम्हाला म्हटलं होतं ना, बंद ठेवू नका." मी म्हटलं, मी अडवलं.

बैठक त्याच रात्री राजाजीनगरात अण्णांच्या घरी झाली. चौकडी, काकू आणि मी. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, त्यांना किल्ली द्यायची.

"काही झालं तर इन्शुरन्सचं काय?" चौकडीतले एक म्हणाले.

"आज हे, उद्या आणखी कोणी येतील," दुसरे.

"घटनेत वापर सभासदांपुरता लिहिलाय," तिसरे. "बांधतोय आपण. मंडळ मराठी आहे. वाईट नको वाटून घेऊस, मुली, पण नियम आहे."

मी वाईट वाटून घेतलं. म्हणाले, "आपण त्या लग्नाच्या हॉलचे मॅनेजर झालोय. त्यांच्याकडे निदान झेंडू तरी होता."

काकू खाली बघायला लागल्या. त्या हसतायत की काय ते मला दिसलं नाही. तिसरे गृहस्थ लाल झाले.

"स्वल्प थांब गं," अण्णा म्हणाले. स्वल्प म्हणजे जरासं, पण अण्णांच्या तोंडी त्याचा अर्थ होतो, आता मी बोलणार. त्यांनी यादी पुढे ओढली आणि चष्मा चढवला. "ओट्यावर आपण नव्या फळ्या टाकल्या. त्यांची चाचणी काय केली?"

"काकूंना चालायला लावलं," इन्शुरन्सवाले म्हणाले.

"म्हणजे एक काकू. हळू चालणारी."

"माझं वजन कुणी लिहायचं नाही," काकू म्हणाल्या.

"लिहिलेलं नाही. पण आपल्या नाटकांत उड्या कोण मारतं? सगळे सोफ्यावर बसून बोलतात. फार तर कुणी उठून खिडकीशी जातं."

"माझ्या नाटकांना नावं ठेवू नका, अण्णा."

"नावं ठेवत नाही. लोड कमी पडतो म्हणतोय." अण्णांनी बाकीच्या तिघांकडे बघितलं. "क्रेन वापरायच्या आधी आपण तिला वजन टांगलं होतं की नाही? चाचणीशिवाय चालू केली असती?"

तिघांच्याही अंगावर शहारा आला. चाचणीशिवाय काही चालू करणं त्यांच्या धर्मात बसत नाही.

"मग स्टेजला वेगळा न्याय का? दहा-बारा माणसं, एका वेळी उड्या मारणारी, हातात गदा. असा लोड आपल्या मंडळात मिळणार आहे का?"

इन्शुरन्सवाल्यांनी विचार करून मान हलवली. "नाही मिळणार. चाचणीचा लोड बाहेरूनच आणावा लागेल."

"सरी तर," अण्णा म्हणाले, म्हणजे ठीक तर, आणि लिहायला लागले. मुद्दा एकेचाळीस. निरीक्षण: "स्टेजच्या फळ्यांची चल भार चाचणी झालेली नाही." करायचं काम: "दर रविवारी दोन ते पाच चाचणी घेणे, समाधान होईपर्यंत." जबाबदारी: "मेष्ट्रू." चौघांनी सह्या केल्या. घटना, सभासद, मराठी, सगळं बाजूला राहिलं.

बाहेर पडताना मी अण्णांना गाठलं. मला ते पटलं नव्हतं. "असं आडून कशाला? सरळ म्हणा ना, जागा त्यांचीही आहे. आपल्या आधीपासून."

"सरळ म्हटलं तर मतदान होईल," ते म्हणाले. "मतदानात तू हरशील. यादीला अजून कुणी हरवलं नाही."

मला आजही वाटतं, सरळ म्हणायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी तालीम झाली, आणि सरळ म्हटलं असतं तर झाली नसती. या दोन्ही गोष्टी मी अजून एका कागदावर आणू शकलेले नाही.

किल्ली द्यायला मी सोमवारी ऑफिसला दांडी मारून प्रेस शॉपमध्ये गेले. मेष्ट्रू तेलाचे हात पुसत दाराशी आले. ‘चूक झाली’ यासाठी पाठ करून आणलेला कन्नड शब्द मी म्हटला. ठोका इतका मोठा होता की तो मला तीनदा म्हणावा लागला. तिसऱ्यांदा मी ओरडले आणि आतली चार माणसं मागे वळून बघायला लागली.

"चाचणी म्हणजे आम्ही काय करायचं?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"तुम्ही नाचायचं. आम्ही लिहायचं."

ते हसले. "इतकी वर्षं तेच करत होतो, अक्का. लिहायला कुणी नव्हतं."

पहिल्याच रविवारी गदायुद्धात उजव्या बाजूची फळी कडकन मोडली. चौकडीला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. चौघंही ओट्यावर ओणवे होऊन त्या भेगेकडे असे बघत होते जसं बाळ बघतात. "बघ," अण्णा मला म्हणाले, "उद्घाटनाला मोडली असती. काकूंच्या सोफ्यासकट." खालचा आडवा लोखंडी भाग एक कमी पडत होता. ज्याच्या उडीने फळी मोडली तो वेल्डर निघाला. त्याने गदा बाजूला ठेवली, शेजारच्या शेडमधून मशीन आणलं आणि चहा उकळेपर्यंत नवीन आडवं टाकून दिलं. चौकडीने पट्टी लावून मोजलं. चूक सापडली नाही. जरा हिरमुसलेच.

तिसऱ्या रविवारी आम्ही आमची आवाजाची चाचणी पुन्हा करत होतो, त्यांची तालीम सुरू व्हायच्या आधी. अण्णा वाचतायत, काकू शेवटच्या खुर्चीवर. मेष्ट्रू पेटी उघडता उघडता बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी अण्णांना हाताने थांबवलं, वर पत्र्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, तिथून बोलून उपयोग नाही, तिथे छप्पर आवाज गिळतं. मग ते पुढे आले, दोन पावलं उजवीकडे, क्रेनच्या तिसऱ्या खांबाच्या रेषेत, आणि थांबले. आवाज न चढवता, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "काकी, चहा झाला का?"

दाराजवळच्या खुर्चीवरून काकूंनी हात वर केला. "झाला," त्या म्हणाल्या. तेही हळूच. तेही आम्हाला ऐकू आलं.

काकू उठून हळूहळू पुढे आल्या, ओट्यावर चढल्या, त्या जागेवर उभ्या राहिल्या आणि मला शेवटच्या खुर्चीवर जायला सांगितलं. मी गेले. त्या कुजबुजल्या, "त्या दिवशी माळवाल्यांवर मलाही राग आला होता." एकेक अक्षर आलं. मी मान हलवली. मला लिहून घ्यायचं होतं, पण कागद हातातच राहिला.

मेष्ट्रूंनी खडूने तिथे फुली केली. चौकडीने ती मोजली आणि दुसऱ्या शनिवारी पिवळ्या रंगाने पक्की केली, कारखान्यात जमिनीवर पट्टे मारतात त्या रंगाने. त्यावर मुद्दा लिहिला, सही करून बंद केला. आमच्या नाट्यशाळेत अजून माइक नाही. नवा नट आला की आधी त्याला ती फुली दाखवतात.

सहा रविवार संपले. जत्रा झाली. त्यानंतरच्या शनिवारी मेष्ट्रू प्रसादाची पुडी आणि किल्ली घेऊन आले. ठरल्याप्रमाणे. त्यांनी किल्ली अण्णांपुढे यादीवर ठेवली.

अण्णांनी आधी प्रसाद खाल्ला. मग यादी उघडून एकेचाळीसवर बोट ठेवलं. "चाचणीत फळी मोडली होती ना?"

"मोडली होती. दुरुस्त केली."

"दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी घ्यावी लागते." त्यांनी बाकीच्या तिघांकडे बघितलं. "नियम आहे."

"आहे," घटनावाले म्हणाले. ते त्या आधी दोन रविवार घरून खुर्ची घेऊन येऊन गदायुद्ध बघून गेले होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"पावसाळ्यात लाकूड फुगतं," इन्शुरन्सवाले म्हणाले. "तेव्हाही बघावं लागेल."

मेष्ट्रूंना किती कळलं ते मला माहीत नाही. काकूंनी त्यांना दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. त्यांनी किल्ली उचलून खिशात ठेवली आणि झाडू कुठे ठेवलाय ते विचारलं.

उद्घाटनाला काकूंचंच नाटक झालं, प्राध्यापकाचं, सोफ्यासकट. मागच्या दोन रांगांत मेष्ट्रू आणि त्यांची माणसं बसली होती. त्यांना मराठी येत नाही, पण आवाज पोचतो का ते सांगायला त्यांच्याइतकं योग्य कोण? प्राध्यापक एकटेपणाचं बोलायला लागले तेव्हा कुणीही शिडी घेऊन आलं नाही. मला त्या जागी उगीचच माळवाल्यांची आठवण आली.

प्रेस शॉप आता हललंय. मेष्ट्रू आणि त्यांच्यातले बरेचजण लांबून दोन बस बदलून येतात. शटरवर मी नवी सूचना लावली, दोन भाषांत. "रविवारी दोन ते पाच शेड उघडी असते." माझं आजवरचं सगळ्यात छोटं पत्रक. त्यात मागणी नाही, म्हणून अण्णांनी ड्रॉइंग मागितलं नाही.

परवाच्या बैठकीत मुंबईहून नवीन आलेले एक सभासद पहिल्यांदा बसले होते. हुशार आहेत, आमच्यासारख्याच कुठल्यातरी कंपनीत प्रकल्प सांभाळतात. त्यांनी यादी पुढून मागून चाळली आणि विचारलं, "सगळं क्लोज झालंय, फक्त एक एकेचाळीस नंबरचा ओपन दिसतोय. कधीपासूनचा आहे हा? काय पेंडिंग आहे त्यात?"

मी तोंड उघडलं. सगळं सरळ सांगून टाकायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "स्वल्प बाकी आहे," ते म्हणाले, आणि पुढचा मुद्दा घेतला.